सत्तेचाळीस मुठी मीठ

तीनशे चाळीस माणसांच्या दुपारच्या जेवणाला मीठ किती लागतं, हे मला नोकरीच्या पहिल्या एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. याची आज थोडी लाज वाटते, कारण बाकी सगळ्याचे आकडे माझ्यापाशी होते.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कँटीनचा स्टोअरकीपर आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. अजून चार वर्षं नोकरी बाकी आहे. तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. ते बनवणाऱ्यांना लागणारी डाळ, तांदूळ, तेल मी मोजून देतो. राहायला भिंगारला. सव्वासहाला कंपनीची बस, सव्वासातला कोठीचं कुलूप उघडायचं, मग सहा बायका ओळीने डबे घेऊन उभ्या राहतात आणि मी काट्यावर एकेक जिन्नस तोलून देतो. तूरडाळ, तांदूळ, कणीक, तेल, हळद, तिखट. प्रत्येकाला नोंदवहीत स्वतंत्र पान. दुपारी किती माणसं जेवली ते टोकन मोजून काढायचं, दर माणशी किती लागलं ते मांडायचं, आणि काल-परवाशी ताडून पाहायचं. दर माणशी तेल दोन ग्रॅमने वाढलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. नुसता उभा राहतो. दुसऱ्या दिवशी आकडा खाली येतो.

मिठाला मात्र पान नव्हतं. तेल, साखर, चहापूड कुलपात असायची. मिठाचं पोतं दाराबाहेर, चपलांच्या शेजारी. मीठ चोरून कोण नेणार? ज्याला लागेल त्याने घ्यावं, अशी रीत होती.

घेणाऱ्या एकट्या मंदाबाई. कँटीनच्या मुख्य स्वयंपाकीण, वयाने माझ्याच आगेमागे, सुप्यापासून सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून चालत येणार. त्या आणि त्यांच्या हाताखालच्या पाच जणी कंत्राटावर होत्या. मंदाबाईंचा एक नेम होता. मसाल्याच्या कपाटावर देवीची तसबीर होती. सगळा स्वयंपाक झाला की एका छोट्या ताटलीत नैवेद्य तसबिरीपुढे ठेवायचा आणि तोवर कुणी काही चाखायचं नाही. अगदी डाळीचा थेंबसुद्धा तळहातावर घ्यायचा नाही. म्हणजे तीनशे चाळीस माणसांची डाळ ही बाई रोज न चाखता करत होती. मीठ मुठीने टाकायचं, मनात मोजायचं आणि पुढच्या पातेल्याकडे वळायचं. चौदा वर्षांत डाळ खारट झाल्याची तक्रार माझ्या वहीत दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा मंदाबाई रजेवर होत्या.

मग एका वर्षी कारखान्यात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. दंडाला पट्टा बांधून सगळ्यांचा रक्तदाब मोजला आणि पुष्कळांचा वर निघाला. डॉक्टरांनी कँटीनमध्येच भाषण केलं. ते म्हणाले, एका माणसाने दिवसभरात एक चहाचा छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ खावं, त्यापुढे नको. भाषण संपल्यावर त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी डाळ दोनदा मागून घेतली.

एचआरचे साहेब पुण्याहून नवीन आले होते. वय बत्तीस, स्वभावाने चांगले, आणि भिंतीवर लावता येईल अशा कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास. त्यांनी मला बोलावलं.

"लोंढे, आपल्या कँटीनमध्ये दर माणशी मीठ किती?"

"माहीत नाही, साहेब."

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांना खरंच धक्का बसला. मलाही.

दुसऱ्या दिवसापासून पोतं काट्यावर आलं. सकाळी किती, दुपारी किती, हे मी आठ दिवस तोललं. सरासरी तीन किलो साठ ग्रॅम. भागिले तीनशे चाळीस. दर माणशी नऊ ग्रॅम, आणि तेही एका जेवणाचं. टेबलावरचं मीठ, लोणचं, पापड वेगळे.

आकडा पाहून माझी झोप उडाली नाही, पण घरी गेल्यावर मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मिठाची पिशवी कधी फोडली ते विचारलं. तिने कॅलेंडरवर दाखवलं. एक किलोची पिशवी एकवीस दिवसांत संपली होती. आम्ही तिघं: मी, सुनंदा आणि मुलगी. दर माणशी दर दिवशी जवळपास सोळा ग्रॅम!

"आपण तिप्पट मीठ खातोय," मी म्हणालो.

"अहो, त्यातलं अर्धा किलो लोणच्याच्या बरणीत बसलंय. मिक्सरचं भांडं मी मिठाने घासते. घसा धरला म्हणून चार दिवस गुळण्या करून बेसिनात थुंकलंत, ते कुणी खाल्लं? आणि परवा तुमची दृष्ट काढली, ते गॅसवर गेलं."

"माझी दृष्ट? कशाला?"

"एवढे आकडे पाठ असतात माणसाला. लागणारच."

डब्यातून निघालेलं मीठ आणि पोटात गेलेलं मीठ हे दोन वेगळे आकडे आहेत, हे सुनंदाने मला त्या संध्याकाळी फुकट शिकवलं होतं. कारखान्यात ते वापरायला मला महिना लागला.

साहेबांनी बैठक घेतली. दर माणशी पाच ग्रॅम, सहा महिन्यांची मुदत. आकडा खाली आला नाही, तर स्वयंपाकघर बंद करून पुण्याच्या बाजूच्या एका मोठ्या किचनमधून तयार जेवणाचे डबे मागवायचे. तिथे म्हणे सगळं मोजून होतं. हे त्यांनी मंदाबाईंच्या समोरच सांगितलं. मंदाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात कणकेचं भांडं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजी भाऊसाहेब, मीठ कमी झालं न्हाई तर आमी सा जनी घरी?"

"तसंच म्हणाले."

"आन् मीठ किती लागलं ह्ये कोन सांगनार?"

"मी."

"मग नीट तोला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सहा महिन्यांची मुदत स्वतःच देऊनही साहेबांना सोमवारपर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी थेट पाच ग्रॅमच सांगितले. मी एक किलो सातशे ग्रॅम मीठ तोलून पिशवीत घातलं आणि मंदाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पिशवी वरखाली करून पाहिली.

"ह्ये डाळीचं का सगळ्याचं?"

"सगळ्याचं. डाळ, भाजी, भात, कणीक, कोशिंबीर."

"बरं हाय. आजारी मानसाचं करून घालते."

साहेबांनी जेवणाच्या हॉलमध्ये फळा लावला. त्यावर रोज मोठ्या अक्षरात लिहायचं: "आजचे मीठ, दर माणशी ५.० ग्रॅम." अक्षर माझं चांगलं आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. टेबलावरच्या मिठाच्या वाट्याही उचलल्या.

पहिल्या दिवशी प्रेसशॉपचे पोपटराव ताट घेऊन माझ्या खिडकीपाशी आले. पोपटराव म्हणजे कामगारांचा आवाज. पद कुठलं नाही, पण आवाज आहे. त्यांचा वरचा रक्तदाब शिबिरात एकशे अठ्ठावन्न निघाला होता आणि तो ते अभिमानाने सगळ्यांना सांगत असत.

"लोंढेभाऊ, ही डाळ हाय का पाट धुतल्यालं पानी?"

"डाळ आहे. दर माणशी पाच ग्रॅम."

"ग्रॅम खाऊ का मी? मशीनवर आठ तास उभं राह्यचं, घाम किती जातो त्येचं लिवलंय का कुठं?"

घामाचं पान माझ्या वहीत नव्हतं.

महिनाभर माझा आकडा पाच-शून्य राहिला. एकही दिवस पाच-एक नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझी वही बैठकीत दाखवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षांत माझी वही कुठल्या बैठकीला गेली नव्हती.

पण एक गोष्ट खटकत होती. डुकरांसाठी उरलंसुरलं नेणारा माणूस पूर्वी एक पिंप नेई, तो आता चार नेऊ लागला होता आणि मला बघून नमस्कार करू लागला होता. आधी माझ्याकडे बघतही नसे. मग मी काटा मागच्या दाराशी नेला. पूर्वी टाकलं जाणारं अन्न एका पिंपाच्या अंदाजाने चौदा किलोच्या आसपास असायचं. त्या दिवशी रांधलेलं अन्न दोनशे पाच किलो, आणि पिंपांत गेलेलं एकसष्ट. म्हणजे माझ्या पाच ग्रॅममधला दीड ग्रॅम रोज डुकरं खात होती, आणि ती नोंद कामगारांच्या नावावर होती.

मग कामगार काय खात होते? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेटबाहेरच्या वड्याच्या गाडीसमोर उभा राहिलो. आत टोकन देऊन, ताट अर्धंच खाऊन आलेली एकशे अठरा माणसं मोजली. वडा, पाव, वर मिठात लोळवलेली तळलेली मिरची, कुणी दोन, कुणी चार. गाडीवाल्याने नवीन बाक आणले होते. मंदाबाईंच्या ताज्या डाळीला नाक मुरडून लोक वड्याबरोबर चिमटी-चिमटी मीठ खात होते, आणि ते मीठ कारखान्याच्या भिंतीबाहेर असल्यामुळे आमच्या हिशोबात नव्हतं.

हे सगळं मी कागदावर मांडून साहेबांकडे नेलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"लोंढे, पिंपाचा आकडा आपण मागितला होता का?"

"नाही, साहेब."

"गेटबाहेरचा?"

"नाही."

"मग तो रिपोर्टमध्ये कशाला? उगाच गोंधळ होतो."

मी कागद परत आणला. फाडला नाही, फाइलला लावला. माझ्या स्वभावाने मला एवढीच बंडखोरी जमते.

मंदाबाईंना मी आकडे सांगितले, तर त्यांना ते आधीच माहीत होते. "रोज चार पिंपं भरून जात्यात, भाऊसाहेब. माझ्या डोळ्यांदेखत. चौदा वरसांत माझं अन्न कुनी टाकलं न्हवतं." त्या हे रडून बोलल्या नाहीत. कणकेच्या परातीकडे बघत बोलल्या, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. लोक गाडीवरच जेवणार असतील तर कँटीन कशाला, हा प्रश्न साहेबांना आज ना उद्या सुचणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर आठवडाभराने माझ्या हातून नोकरीतली एक ठळक चूक झाली. आमचा माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार होते आणि ते कँटीनमध्येच जेवणार होते. साहेबांनी सकाळी फोन केला, "आज जेवण व्यवस्थित होऊ दे. म्हणजे पूर्वीसारखं." मी तीन किलो साठ ग्रॅम मीठ दिलं. मंदाबाई पदर खोचून कामाला लागल्या ते पाहण्यासारखं होतं. गडबडीत मी फळा पुसायला विसरलो. फळ्यावर पाच-शून्यच राहिलं.

एक वाजता पोपटराव खिडकीत आले. "आज तर मीठच घातलं न्हाई राव! पाव्हन्यांसमोर तरी लाज राखायची!"

मागे पाच-सहा जण माना डोलवत होते. मला वाटलं, मंदाबाईंकडून काही राहिलं. मी स्वतः ताट वाढून घेतलं. डाळ अशी होती की दुसऱ्यांदा घ्यावी. पाहुण्यांनी घेतलीही. मग माझं लक्ष फळ्याकडे गेलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन मंदाबाईंना सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की बाकीच्या पाच जणी लाटणी टाकून जमा झाल्या.

"म्हंजी महिनाभर ही मानसं फळा खात हुती?"

"तसंच दिसतंय."

"मग आदी त्यो फळा काढा भाऊसाहेब. आन् मीठ मला पयल्यासारखं द्या. आन् म्होरं मी सांगते तसं करायचं."

त्यांची योजना साधी होती. पूर्वीचं मीठ म्हणजे त्यांच्या हिशोबाने सत्तेचाळीस मुठी. सतरा डाळीला, बारा भाजीला, नऊ भाताला, बाकीच्या कणकेला आणि कोशिंबिरीला. दर सोमवारी एक मूठ कमी करायची. कुणाला सांगायचं नाही, कुठे लिहायचं नाही.

"वहीत तर लिहावंच लागेल," मी म्हणालो.

"वहीत लिवा. फळ्यावर नको."

मुठीवर माझा विश्वास नव्हता. मी मंदाबाईंची मूठ काट्यावर तोलली, दहा वेळा. कमीत कमी त्रेसष्ट ग्रॅम, जास्तीत जास्त सदुसष्ट, सरासरी पासष्ट. सत्तेचाळीस गुणिले पासष्ट म्हणजे तीन किलो पंचावन्न. माझ्या आठ दिवसांच्या सरासरीत आणि त्यांच्या मुठीत पाच ग्रॅमचा फरक. आमचा काटा दरवर्षी प्रमाणित करून घ्यावा लागतो, त्यावर शिक्का मारतात. मंदाबाईंच्या मुठीवर शिक्का नव्हता, एवढाच काय तो फरक.

मुदतीचे पाच महिने उरले होते. एकवीस सोमवार. सत्तेचाळीसमधून एकवीस गेले, सव्वीस मुठी. म्हणजे एक किलो सहाशे नव्वद. दर माणशी पाच ग्रॅमच्या किंचित आत. गणित इतकं नेमकं बसलं की मी ते दोनदा करून पाहिलं. साहेबांना म्हणालो, फळ्यामुळे लोक बिथरतात, मुदत संपेपर्यंत फळा नको, मीठ पूर्वीसारखं करून तिथून हळूहळू उतरवतो, महिन्याचा आकडा मी लेखी देत जाईन. फळा काढायचं त्यांच्या जिवावर आलं, पण त्या जागी त्यांना सुरक्षेची घोषणा लावायची होतीच.

पुढचे पाच महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले होते. दर सोमवारी मंदाबाई कोठीच्या दाराशी येऊन नुसता आकडा सांगायच्या. "बेचाळीस." मी तोलून द्यायचो. डाळीत आमसूल वाढलं. भाजीला भाजलेल्या जिऱ्याची पूड, शेंगदाण्याचं कूट जास्त, लसूण सढळ. ताटात लिंबाची फोड आली. आठवड्यातून तीनदा चपातीऐवजी बाजरीची भाकरी, कारण त्यांच्या भाकरीच्या पिठात मीठ नसतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मिठाच्या वाट्या टेबलावर परत ठेवल्या, आणि त्या रोज भरलेल्याच परत येऊ लागल्या. पिंपं चारची दोन झाली, मग एक. डुकरंवाल्याने नमस्कार बंद केला. वड्याच्या गाडीवरचे नवे बाक रिकामे पडले.

छत्तीस मुठींवर असताना पोपटराव खिडकीत येऊन म्हणाले, "आता कशी पयल्यासारखी चव आली! म्हनलं होतं ना, मीठ घाला म्हनून?"

"बरोबर म्हणाला होतात," मी म्हणालो.

सव्वीस मुठींवर आलो तेव्हा कुणालाही काही कळलं नव्हतं. मुदतीच्या शेवटी पुन्हा शिबिर झालं. पोपटरावांचा वरचा आकडा एकशे सेहेचाळीस आला. त्यांनी मध्ये गोळ्याही सुरू केल्या होत्या, म्हणून ते श्रेय मी मिठाच्या पानावर लिहीत नाही. ते स्वतः श्रेय बैलपोळ्याला गावी राहिलेल्या चार दिवसांना देत होते.

इथपर्यंत मी ताठ मानेने लिहू शकतो. पुढचं माझं चुकलं.

शेवटच्या आठवड्यात मंदाबाई म्हणाल्या होत्या, "सायबाला आकडा द्या, भाऊसाहेब. पन गपचिप द्या. वाखानू नका." मी हो म्हणालो. एक ओळीचं पत्र पुरलं असतं: दर माणशी पाच ग्रॅमच्या आत, मुदतीच्या आत. सहा जणींच्या नोकऱ्या राहिल्या असत्या. पण मला एकवीस आठवड्यांचे एकवीस आकडे दिसत होते, जिना उतरावा तसे सरळ. असा आकडा माझ्या हातून पुन्हा होणार नव्हता. मी कॉम्प्युटरवर आलेख काढायला शिकलो. तीन रंगांत काढला. वर शीर्षक दिलं, खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब खुर्चीतून उठले. "लोंढे, हे तर हेड ऑफिसला गेलं पाहिजे! आणि लोकांनाही कळलं पाहिजे!"

"साहेब, लोकांना कळलं की बिघडेल. मागे फळ्याचं काय झालं..."

"तेव्हा मीठ एकदम कमी केलं होतं. आता त्यांना सवय झालीय. उलट अभिमान वाटेल."

तर्क बरोबर होता. फक्त माणसं चुकीची होती. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं, पण त्यांनी मधेच आलेखाची तारीफ केली.

गुरुवारी सकाळी फोटोग्राफर आला. मंदाबाईंना नवीन एप्रन घालून हातात पळी देऊन उभं केलं. कशासाठी ते कळल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "सायब, फोटू काडा. पन हितं लावू नका. पुन्याला लावा."

साहेब हसले. त्यांना तो विनय वाटला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता कँटीनच्या दारावर बारा फुटी फ्लेक्स चढला. "अर्धे मीठ, पूर्ण आरोग्य!" डाव्या बाजूला साहेबांचा फोटो, उजवीकडे मंदाबाई, आणि मधोमध माझा तीन रंगांचा आलेख.

डाळ कालचीच होती. म्हणजे कालच्यासारखीच: त्याच सव्वीस मुठी, तेच आमसूल. पहिली पंगत बसली. पोपटरावांनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला, तोंडात घातला आणि चघळायचे थांबले.

"तरीच म्हनलं! पाच म्हैने आमाला अळनी घालतायत!"

"पोपटराव, काल तीन वाट्या प्यायलात हीच डाळ," मी म्हणालो.

"काल मला काय म्हाईत हुतं?"

सोमवारी पिंपं दोन झाली, बुधवारी चार. साहेबांकडे अर्ज गेला, दोनशे बारा सह्यांचा: आम्हाला विश्वासात न घेता आमच्या तोंडची चव काढून घेतली. वड्याच्या गाडीला दुसरी गाडी जोडली. साहेबांनी पुन्हा बैठक बोलावली. मी म्हणालो, फ्लेक्स उतरवा, महिन्यात सगळं जागेवर येईल. ते म्हणाले, फ्लेक्सचा फोटो हेड ऑफिसच्या मासिकात छापायला गेलाय, आता उतरवता येणार नाही. मग तक्रार कशी मिटवायची? स्वयंपाकघर बंद. डबे बाहेरून. कामगारांना नवीन चव, कंपनीला कटकट नाही. उठताना ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या आकड्यांमुळे निर्णय घेणं सोपं गेलं, लोंढे."

महिनाअखेरीस सहा जणींनी पातेली घासून पालथी घातली आणि मी ती मोजून ताब्यात घेतली. मंदाबाईंनी देवीची तसबीर काढून पिशवीत ठेवली. ती यादीत नव्हती, त्यांची स्वतःची होती. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं हे. तुम्ही सांगितलं होतंत."

"व्हय," त्या म्हणाल्या. समजूत घातली नाही. पिशवी उचलली आणि गेटकडे चालू लागल्या.

आता पुण्याच्या बाजूने डबे येतात. त्यात मीठ किती, हे मी त्या किचनला पत्राने विचारलं. उत्तर आलं: चवीनुसार. आमच्या कोठीतून मीठ जातच नाही, त्यामुळे माझ्या मिठाच्या पानावर रोज "निरंक" लिहावं लागतं. दर माणशी शून्य. पहिल्या महिन्याचा तक्ता पाहून साहेब थक्क झाले. नऊ, पाच आणि शून्य अशा तीन उंचीच्या खांबांचं चित्र त्यांनी हेड ऑफिसला पाठवलं आणि शाबासकी आली. डब्याबरोबर लोणच्याची पुडी आणि खारवलेल्या मिरच्या येतात. त्या कुणी मागितलेल्या आकड्यात नाहीत. मी त्याही तोलल्या आहेत. कागद फाइलला लावला आहे.

सहा जणींपैकी एक पॅकिंगच्या कारखान्यात लागली, एक कांदा खुरपायला जाते, दोघी घरी आहेत. मंदाबाईंनी एकीला बरोबर घेऊन रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ काढली. चाळीस-पन्नास माणसांचं करतात. डबा नको झालेले आमचेच लोक तिथे जातात. पोपटराव रोजचे गिऱ्हाईक. मंदाबाईंच्या हातचं खाल्ल्याशिवाय कामाला ताकद येत नाही, असं ते गेटवर सांगतात.

मी तिथे जायला दोन महिने टाळलं. मग एका शनिवारी गेलो. मंदाबाईंनी मला पाहिलं आणि ताट वाढलं. भाकरी, डाळ, वांग्याचं भरीत, लिंबू. डाळीचा पहिला घास घेतला आणि मला नक्की सांगता येईना: ही सव्वीसची आहे, सत्तेचाळीसची, की मधली कुठली? चव पूर्ण होती. शेजारच्या बाकावर पोपटराव दुसऱ्यांदा डाळ मागत होते.

मी हळूच विचारलं, "मंदाबाई, अजून कमी करताय का?"

त्यांनी पोपटरावांच्या वाटीत डाळ ओतली, पळी पातेल्याच्या कडेला आपटली आणि माझ्याकडे वळल्या.

"न्हाई सांगायची, भाऊसाहेब. तुमी लिवून ठेवताल."

मी खिशातलं पेन तसंच राहू दिलं आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.